लग्नाची जागा आणि बोहल्याची सजावट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे आणि आसपासच्या गावांत मांडव, बोहलं आणि फुलांची कामं करताना यजमान आम्हाला जे विचारतात, त्यातलं बरंचसं इथे एकत्र केलं आहे. काही प्रश्न फोनवर येतात, काही कार्यालयाच्या दारात, आणि काही ऐन सीमांतपूजनाच्या संध्याकाळी, जेव्हा उत्तराचा फारसा उपयोग नसतो. दर मुद्दाम दिलेले नाहीत. फुलांचा दर पहाटे बाजारात ठरतो, आज लिहिलेला आकडा परवा खोटा पडेल.

आधी मुहूर्त धरायचा की जागा?

गुरुजींकडून दोन-तीन तारखा काढून घ्या आणि मग जागा शोधा. एकाच तारखेवर अडून बसलात तर जागा तुम्हाला निवडते, तुम्ही जागेला नाही. तुळशीची लग्नं लागली की हंगाम उघडतो, पौषात बरीच घरं थांबतात आणि माघापासून पुन्हा जोर येतो. दाट मुहूर्ताच्या दिवशी कार्यालय, गुरुजी, सनईवाले, आचारी, फुलवाले सगळे एकाच वेळी ओढले जातात. त्याच डेकोरेटरची दोन नंबरची टीम तुमच्याकडे येते आणि पैसे एक नंबरचे लागतात. चातुर्मासातल्या काढीव मुहूर्तांना नाक मुरडणारे अजून आहेत, पण त्या दिवसांत चांगला हॉल आणि निवांत माणसं दोन्ही मिळतात. फक्त गणपती आणि दसऱ्याचे दिवस टाळा, तेव्हा फुलं हाताला लागत नाहीत.

कार्यालय, लॉन की घरासमोरचं अंगण?

दीडशे-दोनशे माणसं असतील आणि अंगण असेल तर आमचं मत सरळ अंगणाच्या बाजूने. दारातला मांडव, मुहूर्तमेढ, देवक, हळद हे सगळं जिथे व्हायचं तिथेच होतं, सजावट अर्धी आधीच झालेली असते. अडचण असते ती स्वच्छतागृहांची, पार्किंगची आणि शेजाऱ्यांच्या सोशिकपणाची.

कार्यालयाचा फायदा असा की तिथल्या माणसांना विधी पाठ असतात. गौरीहर कुठे मांडायचा, विहिणीची पंगत कुठे बसवायची, रुखवताची टेबलं कुठे लावायची, हे सांगावं लागत नाही. लॉन फोटोत सगळ्यात देखणं दिसतं आणि प्रत्यक्षात सगळ्यात जास्त काम काढतं. मे महिन्यात दुपारी साडेबाराचा मुहूर्त असेल तर लॉनचा विचारच करू नका. बोहल्यावर सगळे अनवाणी असतात आणि उन्हात तापलेलं कार्पेट पायाखाली कसं लागतं ते एकदा उभं राहून बघा. विदर्भात तर उन्हाळ्यातलं लग्न संध्याकाळीच बरं. डिसेंबरात लॉनचा त्रास वेगळा, रात्री आठनंतर दव पडतं आणि खुर्च्यांची कव्हरं ओलसर होतात. गोरज मुहूर्त असेल तर हिवाळ्यातलं लॉन उत्तम, पण जेवणं छपराखाली ठेवा.

जागा बघायला जाताना नेमकं काय बघायचं?

ज्या वेळेचा मुहूर्त आहे त्याच वेळी जा. सकाळी दहाला सुंदर दिसणाऱ्या हॉलमध्ये दुपारी बोहल्यामागच्या खिडकीतून असं ऊन येतं की फोटोत नवरा-नवरी काळ्या आकृत्या होतात. शक्य झालं तर दुसऱ्या कुणाचं लग्न लागलेलं असताना दारात पाच मिनिटं उभं राहा (जेवू नका). गर्दीत पंखे पुरतात का, मंगलाष्टकं शेवटच्या रांगेत कळतात का की नुसता घुमारा ऐकू येतो, जेवणाच्या हॉलमधला वास वर येतो का, हे रिकाम्या हॉलमध्ये कधीच कळत नाही.

खुर्च्या रांगेत मांडल्या तर वाटा धरून माणशी साधारण ८ ते १० चौरस फूट लागतात. व्यवस्थापक ‘पाचशे बसतात’ म्हणतो तेव्हा तो बहुतेक वाटा सोडून मोजत असतो. बाकी विचारायचं ते असं: ताबा किती वाजता मिळतो, बाहेरचा डेकोरेटर चालतो का आणि त्याचे वेगळे पैसे लावता का, भिंतीला खिळा मारता येतो का, जनरेटर लिफ्ट आणि एसी दोन्ही ओढतो का. शिवाय आजी-आजोबांना पायऱ्या न चढता आत येता येतं का, हे स्वतः चालून बघा.

बोहलं किती मोठं हवं?

या प्रश्नावर आम्ही जरा जास्त बोलतो, कारण सजावटीचं गणित इथेच चुकतं. लोक बोहल्याचा विचार रिसेप्शनच्या स्टेजसारखा करतात: मागे भिंत, पुढे सोफा, बाजूला फुलदाण्या. पण बोहलं ही काम करायची जागा आहे. तिथे अंतरपाट धरायला दोन्ही बाजूंना माणसं उभी राहतात, मामा मुलीला घेऊन येतो, करवल्या मागे उभ्या असतात, गुरुजी साहित्याचा पसारा मांडून बसतात, कन्यादानाला आई-वडील बसतात. होमाभोवती फेरे होतात, सप्तपदीला तांदळाच्या सात राशी मांडायच्या असतात, लाजाहोमाला नवरीचा भाऊ लाह्या द्यायला येतो आणि पुढे कान पिळायलाही त्यालाच जागा लागते. यात दोन फोटोग्राफर आणि एक व्हिडिओवाला धरा.

म्हणून २४ फूट रुंद आणि १६ फूट खोल ही आमच्या हिशेबाने कमीत कमी मोकळी जागा. मोकळी म्हणजे खांब, फुलदाण्या आणि मागच्या पडद्याची चौकट वजा करून. बॅकड्रॉपची चौकट दोन-अडीच फूट खाते, हे कुणीच आधी सांगत नाही. उंची दोन ते अडीच फूट पुरे. चार फुटांचं स्टेज केलं की पहिल्या रांगेतल्या आत्याबाईंना होम दिसतच नाही, गुरुजींच्या पाठी दिसतात.

समोरचे दोन खांब ही दुसरी खोड. चार खांबांचा मंडप दिसायला छान, पण पुढचे दोन खांब फुलांनी जाड केले की खालच्या निम्म्या पाहुण्यांना अंतरपाट दूर होतानाचा क्षण खांबाआड जातो. पुढचे खांब बारीक ठेवा किंवा काढूनच टाका आणि वरून तोरण सोडा.

नवरा-नवरीची तोंडं कोणत्या दिशेला, हे डेकोरेटरला माहीत असतं का?

नसतं. गुरुजींना विचारा, तेही नकाशा काढायच्या आधी. घराण्याची रीत, होमाची दिशा आणि हॉलचं तोंड यांचा मेळ त्यांनाच घालू द्या. अंतरपाटाला नवरा-नवरी एकमेकांसमोर असतात, म्हणजे प्रेक्षकांना दोघं बाजूने दिसतात. त्यामुळे मागच्या भिंतीवर मधोमध केलेली भारी कलाकुसर त्या वेळी अंतरपाटाच्या मागे जाते. खर्च दोन्ही बाजूंना वाटा.

गौरीहर कुठे मांडायचा?

बोहल्यापासून जवळ, पण समोरून दिसणार नाही अशा कोपऱ्यात. नवरी तिथे बराच वेळ बसते, तेव्हा पंखा हवा. केळीचे चार खुंट, आंब्याचे टाळे, एक समई आणि मोगऱ्याच्या चार माळा इतकं पुरतं. फोटो सगळ्यात सुंदर याच जागेचे येतात आणि बजेटमध्ये हिला सगळ्यात कमी पैसे ठेवलेले असतात.

एसी हॉलवाले होमाला नको म्हणतात. काय करायचं?

त्यांचंही बरोबर आहे. वर धूर ओळखणारी यंत्रणा असते, बाजूला पॉलिस्टरचे पडदे. आधी लेखी विचारा: होम चालतो का, चालत असेल तर कुठे आणि किती मोठा. बहुतेक ठिकाणी छोटं तांब्याचं किंवा लोखंडी कुंड, खाली विटा आणि वाळूचा थर, यावर जमतं. आमचे नियम ठरलेले आहेत. कुंडाच्या वर कापडी छत नाही, चारही बाजूंना पाच फुटांत लोंबतं कापड नाही, वाळूची बादली आणि अग्निशामक बोहल्याच्या मागे. होम चालू असताना जवळचा उभा पंखा बंद ठेवायला एक माणूस नेमून द्या, नाहीतर कुणीतरी भलत्याच मायेने तो गुरुजींवर सोडतो आणि ठिणग्या पदरावर येतात.

कोल्ड पायरो (थंड ठिणग्यांचे फवारे), धुराचं मशीन, उडणारे चमचमते कागद यांना बोहल्यावर आम्ही सरळ नाही म्हणतो. रिसेप्शनला काय करायचं ते करा.

खरी फुलं की कृत्रिम?

जिथे हात पोहोचतो तिथे खरी, जिथे फक्त नजर पोहोचते तिथे कृत्रिम चालतील. प्रवेशदार, बोहल्याचे खांब, गौरीहर, हार, मुंडावळ्या आणि कलशाभोवतीची आरास यांत खरीच घ्या, कारण तिथे वास आणि स्पर्श दोन्ही येतो. पंधरा फुटांवरच्या छताला खऱ्या ऑर्किडचे पैसे कशाला घालायचे? मात्र कृत्रिम फुलं धुतलेली आहेत ना ते बघा. एका हंगामात ती कितीतरी मांडवांत फिरतात आणि जवळून धुळकट दिसतात.

खऱ्या फुलांचा सगळा खेळ वेळेचा असतो. पुण्यात गुलटेकडीचा मार्केट यार्ड किंवा मुंबईत दादरचा फूलबाजार, दोन्हीकडे माल पहाटे हलतो. झेंडू आदल्या दिवशी आणून संध्याकाळी ओवायला घेता येतो, त्याला काही होत नाही. ओवलेल्या माळा ओल्या गोणपाटावर पसरायच्या, एकावर एक ढीग करायचा नाही. ढीग केला की मधल्या माळा आतून गरम होतात आणि सकाळी पाकळ्या हातात येतात. निशिगंध कळ्यांत घ्यायचा. गुलाब बादलीत देठ बुडवून रात्रभर गार जागी ठेवायचा आणि खालची पानं काढून टाकायची. मोगरा सगळ्यात शेवटी. दुपारच्या लग्नाला पहाटेचाच गजरा हवा, आदल्या रात्रीचा मोगरा मंगलाष्टकांपर्यंत तपकिरी पडतो.

फुलं खोचायला हिरवा फोम वापरतात तो प्लास्टिकच आहे, कुजत नाही. केळीच्या खांबाचा तुकडा आडवा ठेवून त्यात देठ खोचले की तेच काम होतं, ओलावाही टिकतो आणि नंतर खतात जातो. आमच्याकडे नवीन मुलं आली की हे आधी शिकवतो.

कोणत्या महिन्यात कोणती फुलं?

झेंडू आणि निशिगंध जवळपास वर्षभर. शेवंतीची खरी बहार थंडीत, तेव्हा पांढरी-पिवळी शेवंती भरपूर वापरा. मोगरा उन्हाळ्यातला. डिसेंबरात मोगऱ्याची वेणी हवी असेल तर खिसा सैल ठेवा. सोनचाफा मिळाला तर वेण्यांसाठी घ्या, वसईकडून दादरला चांगला येतो. सजावटीत मात्र तो वाया जातो. लाल गुलाबाचा हट्ट १४ फेब्रुवारीच्या आठवड्यात धरू नका. मावळातल्या पॉलिहाऊसचा चांगला माल त्या दिवसांत परदेशी आणि मोठ्या शहरांच्या बाजारात जातो, आणि माघातली लग्नं नेमकी तेव्हाच असतात.

‘मराठमोळी’ सजावट हवी आहे. खण, पैठणी, नथ वगैरे?

खणाचं कापड फार छान दिसतं, पण थोडं. बोहल्याच्या कडेला, चौरंगावर, खुर्च्यांच्या पाठीला, रुखवताच्या टेबलाला. मागची पूर्ण भिंत खणाची केली की नवरीची पैठणी त्यात हरवते. अस्सल खणाचा पन्हा अरुंद असतो, त्यामुळे मोठ्या भिंतीला जोड द्यावे लागतात आणि ते लाइटखाली दिसतात. खऱ्या पैठण्या पडदा म्हणून टांगायच्या सूचनेला आमचं उत्तर एकच: टाचण्या मारायच्या कुठे?

दहा फुटी नथीचं कटआउट आम्ही करत नाही. बुरुडाकडची सुपं, परड्या आणि टोपल्या, तांब्या-पितळेची भांडी, दारात खरी रांगोळी, आंब्याच्या पानांचं तोरण, दोन मोठ्या समया इतक्यात घर वाटतं. रांगोळीला मात्र वाट सोडून जागा द्या. दारात मधोमध काढलेली रांगोळी वरात आली की पाचव्या मिनिटाला पुसते.

थर्माकोलची नावं, मखर चालतं का?

नाही. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. पुठ्ठा, बांबू, एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) आणि कापडावर तेच काम होतं.

लाइट कसे असावेत?

बोहल्यावर उबदार पांढरा प्रकाश, दोन्ही बाजूंनी आणि थोडा वरून. जांभळे-निळे पार लाइट (स्टेजवरचे रंगीत फोकस) रिसेप्शनला ठेवा. हळद लागलेल्या चेहऱ्यावर निळा प्रकाश पडला की माणूस आजारी दिसतो, आणि नंतर फोटोवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. समईजवळ फोकस नको, ज्योतच दिसत नाही. एलईडी माळा चालतील, फक्त सगळ्या एकाच पांढऱ्याच्या घ्या. अर्ध्या पिवळट, अर्ध्या निळसर हे फार दिसतं.

लॉनवर वळीव आला तर?

एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर तो येणार असं धरूनच चाला. पावसापेक्षा आधी सुटणारा वारा वाईट. सलग कापडाचा बॅकड्रॉप शिडासारखा वारा धरतो आणि चौकटीसकट पुढे येतो. लॉनवरच्या पडद्यात फटी ठेवतो, चौकटीला मागून ताण देतो आणि पायांवर पाण्याचे भरलेले ड्रम ठेवतो, वाळूच्या दोन पिशव्या नाही. वायरचे जोड जमिनीवर पडू द्यायचे नाहीत. आणि विधी आत हलवायचा निर्णय कोण घेणार, हे आदल्या दिवशीच एका माणसावर सोपवा. दोन्हीकडच्या काकांनी आभाळाकडे बघत चर्चा सुरू केली की वेळ गेली.

लाउडस्पीकर उघड्यावर रात्री १० नंतर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे. वरातीचा वेळ त्याआधी बसवा.

कोकणात किंवा गोव्यात, समुद्राकाठी करायचं आहे.

कोकणातल्या अंगणातल्या मांडवाची सर कशाला नाही: पोफळीचे खांब, वर नारळाची झापं, खाली सारवलेली जमीन. त्यात तुम्ही फक्त तोरण आणि दिवे वाढवायचे. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या मंगेशी, रामनाथी यांसारख्या देवस्थानांच्या परिसरातही लग्नं लागतात. तिथे देवस्थानाचे नियम आधी समजून घ्या आणि सजावट हलकी ठेवा, जागा मुळातच देखणी आहे.

वाळूवरचं लग्न वेगळं. किनाऱ्याची जमीन सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, नियमांत येते, स्टेज-मांडवाला परवानगी लागते. ती कोण काढणार हे करारात लिहून घ्या, तोंडी ‘होऊन जाईल’ चालत नाही. भरतीची वेळ बघा, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण येतं. समुद्रावरच्या वाऱ्यात समई टिकत नाही आणि होमाला पश्चिमेकडून आडोसा लागतो. उंच टाचांच्या पाहुण्यांसाठी लाकडी फळ्यांची वाट हवीच.

गडावर किंवा जुन्या लेण्यांत लग्न लावता येईल का?

केंद्राच्या संरक्षित स्मारकांत लेखी परवानगीशिवाय समारंभ करता येत नाही, १९५९ च्या नियमांपासून हे आहे. गड फोटोपुरताही लाइट-जनरेटर घेऊन जाण्याची जागा नाही, असं आमचं मत.

बौद्ध, सत्यशोधक किंवा नोंदणी पद्धतीच्या लग्नाला सजावट वेगळी असते का?

असते, आणि बऱ्याचदा जास्त सुबक होते. बौद्ध पद्धतीत होम आणि सप्तपदी नसते. मध्यभागी पांढऱ्या कापडाच्या टेबलावर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची प्रतिमा, मेणबत्त्या, फुलं. नजर तिथेच जायला हवी, म्हणून मागे पांढरं किंवा फिकट कापड आणि पिंपळपानाची एखादी साधी आकृती. झगमगीत सिंहासन खुर्च्या तिथे शोभत नाहीत. वर-वधू पांढऱ्या पोशाखात असतील तर मागचं कापड मोतिया रंगाचं घ्या, म्हणजे दोघं उठून दिसतील.

महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या पद्धतीचं पहिलं लग्न लागलं. पुरोहित आणि खर्च दोन्ही टाळणं हा त्यामागचा विचार. अशा घरी आम्ही भव्य देखाव्याचा कोटेशनच देत नाही: स्वच्छ व्यासपीठ, चांगला माइक, फुल्यांच्या प्रतिमेला ताजा हार. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करणाऱ्यांना ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. सह्यांचं टेबल घरी किंवा हॉलवर मांडायचं असेल तर ते पाहुण्यांकडे तोंड करून ठेवा, साक्षीदारांच्या पाठी दिसू नयेत.

अक्षतांऐवजी पाकळ्या चालतील?

चालतात, अनेक घरं आता तसं करतात. पाकळ्या कोरड्या हव्यात, ओल्या गुलाबाचे डाग सिल्कवरून जात नाहीत. तांदूळ ठेवणार असाल तर बोहल्यावर गुळगुळीत फ्लेक्स अंथरू नका, जाड सतरंजी किंवा कार्पेट घाला. फरशीवरच्या तांदळावर पाय सरकतो.

परदेशात हॉलमध्ये काय जमतं?

उघडी ज्वाला चालेल का, हे हॉल ठरवायच्या आधी विचारा. बाकी सगळं सोपं आहे. अंतरपाट, मुंडावळ्या, खणाचं कापड, आंब्याच्या पानांची कापडी तोरणं बॅगेत जातात. ताजी पानं-फुलं इथून नेऊ नका, विमानतळावर अडवतात. तिथली फुलं घ्या, पांढरी-पिवळी शेवंती बहुतेक ठिकाणी मिळते.

डेकोरेटरकडून काय लिहून घ्यायचं?

कोणती फुलं खरी आणि कोणती नाही, किती माळा, किती फुटांच्या. काम किती वाजता पूर्ण होणार: मुहूर्ताच्या आधी तीन तास म्हणा, म्हणजे एक तास मिळेल. जनरेटरचं डिझेल कुणाचं, जीएसटी धरून की सोडून, विधी चालू असताना एक माणूस थांबणार का. ‘फोटोसारखं करून देऊ’ याला काही अर्थ नाही, फोटोतल्या स्टेजची रुंदी विचारा.

लग्नानंतर फुलांचं काय करता?

झेंडू आणि पानं खतासाठी वेगळी काढतो, तारा आणि दोरे आधी सोडवून. देवकाची आणि कलशाची फुलं घरच्यांच्या हाती देतो. गाईला घालायचा आग्रह होतो, पण बाजारातल्या फुलांवर फवारण्या असतात, त्यामुळे ते करत नाही. सकाळी दुसऱ्या पार्टीला ताबा द्यायचा असतो. फुलं घरी न्यायची असतील तर पोती आणि दोन माणसं रात्रीच तयार ठेवा.